डावीकडून बोला

त्याला सगळे सुरुंग म्हणत. कागदोपत्री त्याचं दुसरं काहीतरी नाव होतं, पण हजेरीला ते पुकारलं की तोच मागे वळून बघायचा, कोण नवीन आलंय म्हणून. सुरुंग हे नाव पडलं दोन कारणांनी. एक तर तो दगडाच्या खाणीत सुरुंग लावायचा. दुसरं म्हणजे त्याची स्वतःची वातही फार आखूड होती.

खाणीनं त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं घेतली होती. उरलेली आठ मात्र सदा शिवशिवत असायची. एका ट्रक ड्रायव्हरनं त्याला 'अरे थोट्या' म्हटलं, तेव्हा ड्रायव्हरच्या दोन दाढा जागेवर राहिल्या नाहीत. मुकादमानं त्याच्यावर हात उगारला, त्याला त्यानं खडीच्या ढिगात कमरेपर्यंत उभा गाडला आणि मग शांतपणे डबा उघडून जेवायला बसला. मारामारी संपली की त्याला भूक लागायची. मारताना तो शिव्या देत नसे, ओरडत नसे, आणि त्याचीच लोकांना जास्त भीती वाटे.

अशा माणसाचा जीव जगात एकाच माणसात अडकला होता, तो म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. बाप खाणीच्या धुळीनं खोकून खोकून गेला, त्यानंतर आई मजुरीला जायची, म्हणून ह्यानंच धाकट्याला न्हाऊ घातलं, मारामाऱ्या करून दुसऱ्या पोरांपासून वाचवलं आणि मोठा झाल्यावर आपल्याच हाताखाली खाणीत आणलं. धाकटा अगदी उलट्या घडणीचा. कुणी ढकललं तर 'लागलं का तुला?' असं ढकलणाऱ्यालाच विचारणारा. पहार मारता मारता मध्येच थांबून दगडाच्या भेगेत काय उगवलंय ते बघत बसायचा. सुरुंगला त्याचा भयंकर राग यायचा आणि त्याच्याशिवाय घास घशाखाली उतरायचा नाही.

ती गोष्ट घडली तेव्हा धाकटा तेवीस वर्षांचा होता. भोकं पाडून झाली, दारू ठासली, तीन शिट्ट्या वाजल्या. सगळे भिंतीआड गेले. सुरुंगनं वाती पेटवल्या, पळत आड आला, नेहमीसारखी डोकी मोजली आणि एक डोकं कमी भरलं. त्यानं वाकून बघितलं. खाणीच्या उत्तरेकडच्या उभ्या कड्याशी धाकटा उकिडवा बसला होता आणि आपल्या बाटलीतलं प्यायचं पाणी थेंबथेंब दगडावर ओतत होता.

सुरुंग पळाला. वात जळत होती आणि तो तिच्या दिशेनं पळाला. भावाची कॉलर धरून त्याला फरफटत एका मोडक्या ढकलगाडीमागे टाकला आणि अंगावर पालथा पडला. मग सगळं फुटलं. दगडांचा मारा झाला, एक धारदार कपरा सुरुंगची पाठ उभी चिरून गेला. धूळ खाली बसली. धाकटा धडधाकट होता. नुसता खोकत होता.

सुरुंगच्या अंगातून भीती निघून गेली, आणि भीती गेली की तिच्या जागी त्याला रागच यायचा, दुसरं काही यायला त्याच्याकडे जागाच नव्हती. त्यानं भावाला उभं केलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून त्याच्या उजव्या कानफटात दिली. धाकटा दोन पावलं लांब जाऊन पडला. कानातून रक्ताची बारीक धार निघून मानेवर आली. तो हसत म्हणाला, "दादा, पाणी घातलं ना, की हिरवं होतं बघ. ते काळं दिसतं, पण मेलेलं नसतंच."

तो शेवाळाबद्दल बोलत होता.

कान पिकला, महिनाभर वाहिला आणि कायमचा गेला. घरी आईनं विचारलं, "कशानं रे?" धाकट्यानं अगदी सरळ तोंडानं सांगितलं, "सुरुंगानं." आईनं थोरल्याच्या तळहाताकडे पाहिलं. तिनं पोरं वाढवली होती, तिला कळायचं ते कळलं. तिनं मूग गिळले आणि मरेपर्यंत गिळूनच ठेवले. त्यानंतर जो कुणी विचारेल त्याला धाकटा तेच सांगायचा, कान सुरुंगानं गेला. खोटं तो कधी बोलत नसे. समोरचा हळहळायचा, खाणीला शिव्या द्यायचा, आणि बाजूला उभा असलेला थोरला खाली बघून पायानं माती उकरायचा.

पुढे धाकट्याचं लग्न ठरलं. मुलगी शिवणकाम करणारी, बोलायला रोखठोक. तिनं लग्नाआधी एकच प्रश्न विचारला. "घरात कुणी हात उचलतं का? माझ्या बापाचा मार मी वीस वर्षं खाल्लाय. मारणाऱ्याच्या छपराखाली मी एक रात्र काढणार नाही, आत्ताच सांगून ठेवते." मग तो डावा कानच पुढे करून ऐकतोय हे तिच्या लक्षात आलं. "आणि तो उजवा कान?"

"सुरुंगानं गेला," धाकटा म्हणाला.

आई स्वयंपाकघरात निघून गेली. सुरुंगच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट ठाण मांडून बसली. हिला ज्या दिवशी कळेल, त्या दिवशी ही धाकट्याला घेऊन घराबाहेर पडेल आणि परत वळून बघणार नाही. बाहेर त्याच्या मारामाऱ्या चालूच राहिल्या. घरात मात्र तो हात मांडीखाली दाबून बसायचा.

आणि त्यानं एक नियम केला. धाकट्याशी बोलायचं तर डावीकडून. नवा मजूर आला की पहिल्या दिवशी सुरुंग त्याला दरडावायचा, "ह्याच्याशी डावीकडून बोला. उजवीकडून हाक मारलेली ऐकली तर माझ्याशी गाठ आहे." एकाला ह्यावरून खरंच चोप बसला. भावाचा कान मीच घालवला हे सांगायची सोय नव्हती, म्हणून त्या कानासाठी तो लोकांना बडवत फिरत होता. प्रायश्चित्तसुद्धा ह्या माणसाला ठोसे मारूनच घेता येत होतं.

खाण संपली. कड्यापर्यंत पोखरून झाल्यावर कंपनी यंत्रं उचलून निघून गेली आणि पालिकेनं ठरवलं की त्या खड्ड्यात दगडांची बाग करायची. दगड कुठे कसा बसेल हे ज्याला कळतं असा माणूस हवा होता. सुरुंग कामाला लागला, धाकटाही लागला. औजारांच्या शेडमागे त्यांना दोन खोल्या मिळाल्या. एका खोलीत धाकट्याचा संसार आणि शिलाईचं मशीन, दुसरीत आई आणि सुरुंग. आईनं त्याच खोलीत डोळे मिटले.

बागेच्या मधोमध एक शिळा होती, दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरी माथ्याला हात लागणार नाही एवढी. ती हिरवी दिसायला हवी असा वरून हुकूम आला. मग कुठल्या तरी लांबच्या रोपवाटिकेतून शेवाळाच्या गुंडाळ्या आल्या, सतरंजीसारख्या उलगडून शिळेवर खिळवल्या गेल्या आणि पहिल्याच उन्हाळ्यात पापड होऊन खाली पडल्या. सुरुंग पोट धरून हसला.

धाकटा हसला नाही. उत्तरेच्या कड्याचा एक तुकडा अजून शाबूत होता, त्यावरचं ते जुनं शेवाळ त्यानं थोडंसं काढलं. सावलीत वाळवलं, तळहातावर चुरलं, चिकणमातीत कालवलं. शिळेची उत्तरेकडची बाजू छिन्नीनं खडबडीत केली आणि बोटांनी तो चुरा खळग्याखळग्यांत दाबला. वर गोणपाट टाकून रोज पाणी फवारत राहिला. सहा महिने काहीच दिसलं नाही. "चिखल लिंपतोय येडा," सगळे म्हणाले, आणि सुरुंगनं त्यांतल्या फक्त एकाला मारलं. सातव्या महिन्यात टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे ठिपके आले.

कॉलेजच्या एक बाई भिंग घेऊन यायच्या. त्या धाकट्याला डावीकडून सांगायच्या, "हे इथलंच आहे, ह्याच दगडाचं. ह्याला मुळं नसतात, सगळ्या अंगानं पाणी पितं. पाणी नसलं की काळं पडून गप्प बसून राहतं, महिनोन्‌महिने. बाहेरचं शेवाळ इथे तगणार नाही आणि हे दुसरीकडे." त्यांनी त्याचं लांबलचक शास्त्रीय नाव सांगितलं. धाकट्यानं ते दिवसभर घोकलं आणि संध्याकाळी बायकोला सांगताना त्याचं पार खोबरं केलं. ती मशीनवर डोकं टेकून हसली.

अकरा वर्षांत शिळेची अख्खी उत्तर बाजू भरली. जाड, मऊ, गर्द. हात ठेवला तर बोटं पेरभर आत जायची. ज्यानं आयुष्यभर दगड फोडले त्याच्या डोळ्यांसमोर दगडावर काहीतरी वाढलं होतं, आणि ते बघायला सुरुंग रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथे उभा राहायचा. हळूहळू त्याला वाटायला लागलं की हे भरत गेलं तसं ते जुनंही भरत गेलंय. असं काही नसतं, पण त्याला तसं वाटायचं.

अर्थात जीव जडला म्हणजे त्याची राखण आलीच, आणि सुरुंगला राखण एकाच पद्धतीनं येत होती. शेवाळावर बूट टेकवून फोटो काढणाऱ्याला त्यानं बुटासकट तळ्यात फेकला. खिळ्यानं प्रेयसीचं नाव कोरणाऱ्याला त्याच खिळ्यानं... नको, ते सांगण्यासारखं नाही. तो माणूस पुढे डाव्या हातानं लिहायला शिकला एवढं पुरे. अधीक्षकांनी तीनदा समज दिली. "बाग आहे ही, तालीम नाही," ते म्हणायचे. धाकट्याची बायको जेवताना ताट जरा आपटून ठेवायची. "भाऊजी, बाहेर काय करायचं ते करा. ह्या उंबऱ्याच्या आत दिसलं तर मी काय करीन ते तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. चांगलंच ठाऊक होतं.

मग एका सकाळी फिरायला आलेले एक म्हातारे गृहस्थ तळ्याच्या पायऱ्यांवरून घसरले आणि त्यांचं कमरेचं हाड मोडलं. पायऱ्यांवर पाण्याचं बुळबुळीत शेवाळ साचलं होतं. अधीक्षकांनी सुरुंगला बोलावलं आणि चार माणसांसमोर त्याचा पाणउतारा केला. "बागेतलं सगळं शेवाळ खरवडून काढायचं. आजच्या आज."

"पायऱ्यांवरचं वेगळं साहेब, शिळेवरचं वेगळं," सुरुंग म्हणाला.

"शेवाळ ते शेवाळ!"

आपल्या भाषेनं तिथे अधीक्षकांचीच बाजू घेतली. पायाखाली घसरवतं तेही शेवाळ आणि अकरा वर्षं जपलं तेही शेवाळ. दोघांना दोन नावं असती तर पुढचं काही झालं नसतं. सुरुंगनं टेबलाची कड धरून ठेवली, आठही बोटं पांढरी पडली, आणि कसंबसं पटवून दिलं. बरं, फक्त पायऱ्या, अधीक्षक म्हणाले, पण उद्या कुणी पडलं तर तू बाहेर.

तो दातओठ खात बाहेर आला. तळ्याचा पंप सुरू होता. धाकटा पलीकडे पाइप गुंडाळत होता, सुरुंगकडे त्याची उजवी बाजू. वळसा घालून डावीकडे जायचं तर वीस पावलं होती. पंधरा वर्षांत सुरुंगनं असली पावलं कधी चुकवली नव्हती. त्या दिवशी डोक्यात नुसता जाळ होता. तो जिथे होता तिथूनच ओरडला, "पायऱ्यांवरचं शेवाळ काढ! सगळं! मोठ्या शिळेला हात लावू नको!" आणि ताडताड चालत गेला फाटकाकडे, कुणाशी तरी भांडायला.

धाकट्याला पंपाच्या घरघरीतून जे ऐकू आलं ते एवढंच, की शेवाळ काढ, सगळं, मोठ्या शिळे... त्यानं दादाचं तोंड पाहिलं. ऑफिसातून आलाय, हुकूम झालाय, दादाचं काही चाललेलं नाही, हे त्याला त्या तोंडावर स्पष्ट दिसलं. परत विचारायला जावं असं ते तोंड नव्हतं. त्यानं शेडमधून पत्र्याचं उलथनं घेतलं आणि शिडी लावली.

तीन तासांनी सुरुंग परत आला.

शिळा उघडी होती. वरपासून खालपर्यंत राखाडी, ओली, सोललेली. शिडीपाशी धाकटा पाठमोरा बसून शेवटचा कोपरा खरवडत होता. सुरुंगनं त्याला हाक मारली नाही. त्याला भाऊ दिसलाच नाही, एक उलथनं दिसलं आणि ते धरणारा एक हात. कुदळीचा दांडा भिंतीला टेकलेला होता. तो कधी उचलला, हे त्याला नंतर कधीच सांगता आलं नाही. तो उजवीकडून आला असता तर धाकट्याला चाहूलही लागली नसती. तो डावीकडून आला. पावलं ऐकून धाकट्यानं मान वळवली, चेहरा रडवेला होता, तो काहीतरी बोलायला लागला आणि दांडा त्याच्या डाव्या कानशिलावर बसला.

लाकूड हाडावर बसल्याचा आवाज झाला. धाकटा आडवा झाला. सुरुंगनं दांडा पुन्हा वर उचलला होता. तेवढ्यात खालून शब्द आले, "दादा, तूच म्हणालास ना."

पंप बंद झालेला होता. बागेत इतकं शांत होतं की शिलाईच्या मशीनचा आवाज येत होता, आणि मग तोही थांबला.

इस्पितळात धाकट्याच्या डोक्याभोवती पट्ट्या होत्या. हाड तडकलं होतं. जीव वाचला, डॉक्टर म्हणाले, पण हा कानही गेल्यात जमा आहे. त्यांनी काय झालं ते विचारलं. धाकट्याला ऐकू आलं नाही. त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, कशानं लागलं? धाकट्यानं वाचलं. आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नसल्यानं तो सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाला, "सुरुंगानं."

डॉक्टरांनी लिहायला पेन टेकवलं आणि थांबले. "खाण तर केव्हाच बंद झाली ना?"

धाकट्याची बायको खाटेच्या कडेला बसली होती. ती धावत आली तेव्हा दांडा जमिनीवर होता आणि सुरुंग भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. शिडीवरून पडला असेल, असं ती धरून चालली होती. आता तिनं हळूहळू मान वर केली. सुरुंगनं नुसतं गप्प बसायचं होतं. धाकट्यानं वाट करून दिली होती, पहिल्यांदा दिली होती तशीच, आणि खाली बघून पायानं फरशी घासायला कुणी अडवलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच सुरुंगला राग न येता नुसती भीती वाटत होती.

"सुरुंग म्हणजे मी," तो म्हणाला. "मला म्हणतात तसं. हाही कान मी घालवला. तोही मीच."

ती उठली, त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, आणि त्यानं डोळे मिटून घेतले, बसू दे एक थोबाडीत म्हणून. तिनं हात उचलला नाही. "बाहेर व्हा," एवढंच म्हणाली.

पोलीस आले, कारण सुरुंग स्वतःच त्यांच्याकडे गेला. त्यांनी धाकट्याला लिहून विचारलं. धाकट्यानं, ज्यानं जन्मात खोटं सांगितलं नव्हतं, कागदावर लिहून दिलं, शेवाळावरून पाय घसरला. सही केली. पंधरा दिवसांनी बायकोनं दोन खोल्यांपैकी एक रिकामी केली. शिलाईचं मशीन उचलायला सुरुंग पुढे झाला, तर तिनं मशीनच्या आणि त्याच्या मध्ये उभं राहून दुसऱ्या माणसाला बोलावलं. धाकटा गाडीत बसलेला होता. सुरुंगनं हात केला. धाकट्यानंही केला, आणि गाडी गेली.

अधीक्षक शिळेपाशी येऊन म्हणाले, "वा, आता कशी स्वच्छ दिसते." सुरुंगनं त्यांना मारलं नाही. लोक आपसात म्हणाले, संपला हा.

खरवडलेलं शेवाळ त्याला गाडी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सापडलं. शेडच्या उत्तरेच्या बोळात, जिथे ऊन कधी येत नाही, तिथे वर्तमानपत्रं पसरलेली होती आणि त्यांच्यावर शेवाळ. फेकलेलं नव्हतं, ओरबाडलेलं नव्हतं. तळहाताएवढे तुकडे सुटे करून, हिरवी बाजू वर ठेवून, ओळीनं मांडलेले. प्रत्येक कागदावर निळ्या खडूनं लिहिलं होतं. वरचा कोपरा. मधली भेग. खालची डावी. सगळ्या शिळेचा नकाशा जमिनीवर उतरवून ठेवला होता. हुकूम झाला म्हणून काढलं, पण दादाचा राग उतरला, साहेबांचं मन बदललं, की परत जागच्या जागी लावता यावं म्हणून. सुरुंग त्या कागदांवर आडवा पडला आणि रडला. मोठ्यानं, नाक गळेपर्यंत, तोंडात खडूची धूळ जाईपर्यंत.

मग उठून त्यानं चिकणमाती कालवली.

खडूच्या शब्दाप्रमाणे त्यानं एकेक तुकडा चुरून एकेका जागी दाबला. आठ बोटांना ते काम नीट जमत नव्हतं. सहा महिने काही दिसलं नाही. सातव्यात ठिपके आले. कुणी जवळ गेलं तर तो आता शिळेपुढे नुसता उभा राहतो, आणि लोक बाजूनं जातात. एकदा एका गुंडानं त्याच्या मुस्कटात मारली, तीही त्यानं खाल्ली.

तिसऱ्या वर्षी, एका ओल्या सकाळी, धाकटा आला. एकटाच. बायकोला सांगून आला होता की न सांगता, ते कळलं नाही. केस पांढरे झाले होते. तो सरळ शिळेपाशी गेला आणि तळहात टेकवून उभा राहिला. हिरवळ अजून विरळ होती, मधूनमधून दगड दिसत होता.

सुरुंग लांब उभा होता. मग तो निघाला. शिळेला पूर्ण वळसा घातला, वीस पावलं, त्याहून जास्तच असतील, आणि भावाच्या डावीकडे येऊन थांबला. सवयीनं. तोंड त्याच्या कानाजवळ नेलं आणि अठरा वर्षांत जे बोलला नव्हता ते बोलला. "चुकलं माझं."

धाकटा शेवाळाकडेच बघत होता. त्यानं बोटानं एक जागा दाबली, बोट वर करून बघितलं, आणि सगळ्या बागेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "दादा, पाणी जास्त घालतोयस."